पार्श्वभूमी : कमी दिवसांचं बाळ, प्लेटलेट्स आणि पन्नास हजारांचा आकडा

पावसाळा लागला की ठाण्यात डेंग्यूच्या धास्तीने प्लेटलेट्सचा हिशोब घरोघरी सुरू होतो आणि ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्यात’ हे वाक्य सारखं कानावर पडतं. बोलणाऱ्याला बहुतेकदा प्लेटलेट्सच, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या कणिकाच, म्हणायच्या असतात. शाळेच्या पुस्तकातल्या ‘रक्तपट्टिका’ पुस्तकातच राहिल्या. मोठ्या माणसाच्या आजारात ही सरमिसळ फारशी नडत नाही. अठ्ठावीस आठवड्यांचं, किलोभराचं बाळ वॉर्मरवर (ऊब देणाऱ्या पाळण्यात) असलं की मात्र नडते. ‘पांढऱ्या पेशी वाढल्या’ ऐकून आजीला हायसं वाटतं. प्रत्यक्षात तो जंतुसंसर्गाचा इशारा असू शकतो. शिवाय डेंग्यूचा हिशोब इथे लागू पडत नाही, कारण या बाळाच्या प्लेटलेट्सचं वागणंच निराळं असतं.

त्या मंद असतात. एडीपी, कोलॅजेन, थ्रॉम्बिन या प्लेटलेट्सना चेतवणाऱ्या पदार्थांनी डिवचलं तरी मोठ्यांच्या प्लेटलेट्सइतक्या चटकन चिकटत नाहीत. ॲड्रेनलिनला तर फारच थोडी दाद देतात, कारण त्याचा संदेश पकडणारे रिसेप्टर त्यांच्यावर कमी असतात. तरीही पूर्ण दिवसांच्या बाळाचं रक्त मोठ्या माणसापेक्षा लवकर थांबतं. त्याच्या रक्तात लाल पेशी जास्त आणि आकाराने मोठ्या असतात, त्या प्लेटलेट्सना रक्तवाहिनीच्या भिंतीकडे लोटतात. प्लेटलेट्सना चिकटवणारं प्रथिन, फॉन विलब्रँड घटकही भरपूर असतो. म्हणजे मंदपणा हा नुसता दोष नाही, तो एका जुळलेल्या तोलाचा भाग आहे. कमी दिवसांच्या बाळात हा तोल पहिल्या दिवशी कच्चा असतो आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत सावरतो.

हे कळण्याआधीच उपचाराचा आकडा ठरून गेला होता. १९९३ साली १५२ बाळांवर झालेल्या चाचणीत एका गटाच्या प्लेटलेट्स (दर मायक्रोलिटर रक्तात) दीड लाखाच्या वर राखल्या, दुसऱ्या गटाला पन्नास हजारांच्या खाली गेल्यावर किंवा रक्तस्राव झाल्यावरच दात्याच्या प्लेटलेट्सची पिशवी दिली. मेंदूतल्या रक्तस्रावात फरक पडला नाही. पन्नास हजारांच्या खाली थांबून पाहण्याचं धाडस मात्र तेव्हा झालं नाही, आणि न तपासलेली ती रेषा नियमासारखी रुजली.

२०१९ साली ब्रिटन, आयर्लंड आणि नेदरलँड्समधल्या ६६० बाळांची चाचणी प्रसिद्ध झाली. पिशवी पन्नास हजारांखाली द्यायची की पंचवीस हजारांखाली, एवढाच प्रश्न होता. पन्नास हजारांच्या गटात २६ टक्के बाळं दगावली किंवा त्यांना नव्याने मोठा रक्तस्राव झाला. पंचवीस हजारांच्या गटात १९ टक्के. २०२३ मध्ये त्याच बाळांचा दोन वर्षांच्या वयाचा हिशोब आला: मृत्यू किंवा विकासातली अडचण, ५० टक्के विरुद्ध ३९ टक्के. जास्त दिलं तिथे जास्त नुकसान. आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. ३९ टक्के बाळांना चाचणीत येण्याआधीच पिशवी मिळाली होती. मागच्या ७२ तासांत मोठा रक्तस्राव झालेली बाळं घेतलीच नव्हती. त्यामुळे ज्याला रक्तस्राव होतोय त्या बाळाला हा निकाल लागू नाही. पण स्थिर बाळाला केवळ आकडा पाहून पन्नास हजारांवर पिशवी लावण्याला आता आधार उरलेला नाही.

नुकसान का होतं, याची उत्तरं अजून जुळवली जात आहेत. दात्याच्या प्लेटलेट्स मोठ्या माणसाच्या, म्हणजे चपळ. त्या बाळाच्या चिकट रक्तात जाऊन पडतात. शिवाय किलोभराच्या बाळात एकूण रक्त जेमतेम ८५ मिली, आणि चाचणीतली मात्रा किलोला १५ मिली. रक्ताच्या सहाव्या हिश्शाएवढा द्रव एकदम आत जातो. तिसरी बाब दाहाची: मोठ्यांच्या प्लेटलेट्स जाग्या झाल्या की पृष्ठभागावर पी-सिलेक्टिन हे चिकटणारं प्रथिन जास्त आणतात आणि पांढऱ्या पेशींना धरतात.

इथे बोलीतल्या सरमिसळीत थोडं तथ्य निघतं. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आपल्या डीएनएचं जाळं फेकून जंतू अडकवतात हे २००४ साली कळलं. प्लेटलेट्स त्यांना तसं करायला भाग पाडतात हे २००७ साली. २००९ मध्ये दिसलं की नवजात बाळाच्या न्यूट्रोफिल पेशी हे जाळं नीट फेकतच नाहीत. अस्थिमज्जेतला त्यांचा साठाही तोकडा असतो, जंतूंकडे त्या उशिरा पोहोचतात. आईच्या आयजीजी प्रतिपिंडांचा मोठा वाटा शेवटच्या तिमाहीत वारेतून येतो. सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ त्याला मुकतं.

म्हणून घसरण केव्हा झाली याला महत्त्व आहे. आईचा रक्तदाब वाढलेला असला, तर पहिल्या ७२ तासांत प्लेटलेट्स हळूहळू उतरतात, चौथ्या-पाचव्या दिवशी तळ गाठतात आणि दहाव्या दिवसापर्यंत बहुधा आपोआप वर येतात. ७२ तासांनंतर अचानक झालेली घसरण म्हणजे आधी जंतुसंसर्ग किंवा आतड्याचा दाह शोधायचा; ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी) पाठवून अँटिबायोटिक सुरू करायचं. पिशवी त्या कारणावरचा उपाय नव्हे.

आणि आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी नमुना पाहायचा. टाचेतून थेंब पिळून घेतलेलं रक्त नळीत गोठू लागतं, प्लेटलेट्सच्या गुठळ्या होतात, मशीन त्या मोजत नाही आणि रिपोर्टवर अठरा हजार छापून येतं. नळी भरताच आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटी-सुलटी करायची, शंका आली तर शिरेतून नवा नमुना घ्यायचा आणि काचपट्टीवर गुठळ्या आहेत का ते डोळ्यांनी पाहायचं.