चढावर चेन का तुटते?

बेळगावहून जांबोटीकडे जाणारा डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेला लागले की माउंटन बाइकच्या, म्हणजे डोंगरात चालवायच्या सायकलीच्या, चेनची खरी परीक्षा सुरू होते. येळ्ळूरचा राजहंसगड असो, वैजनाथचा डोंगर असो की कणकुंबीच्या बाजूचे जांभ्या दगडातले चढ असोत, चेन तुटल्याच्या हकिगती बहुधा एकाच धर्तीच्या असतात. चढ अचानक अंगावर येतो, घाईघाईने गिअर हलका केला जातो, स्वार पेडलवर उभा राहून जोर लावतो आणि ‘खट्’ असा आवाज होऊन पाय मोकळाच फिरतो. जोर जास्त झाला म्हणून चेन तुटली, असे सगळेच समजतात. हा समज बव्हंशी चुकीचा आहे आणि त्याच्यामुळेच चेन विकत घेताना आपण नको त्या गोष्टी पाहतो आणि पाहायला हव्यात त्या सोडून देतो.

आधी जोराचा हिशोब करू. ७० किलो वजनाचा स्वार एका पेडलवर सगळा भार टाकून उभा राहिला आणि त्या वेळी क्रँक (पेडलचा दांडा) आडवा असला, तर १७० मिलिमीटरचा क्रँक आणि ३२ दातांच्या चेनव्हीलची, म्हणजे पुढच्या दातेरी चक्राची, सुमारे ६५ मिलिमीटरची त्रिज्या यांच्या गुणोत्तरामुळे चेनवरचा ताण त्याच्या वजनाच्या अडीच पटींहून थोडा अधिक होतो. हा ताण सुमारे १८०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ १८० किलोंच्या भाराइतका असतो. पुढचे चेनव्हील २२ दातांचे असेल तर तोच स्वार सुमारे २६०० न्यूटन ताण निर्माण करतो, आणि हँडल वर ओढत त्याने आणखी दीडपट जोर लावला तरी हा आकडा ४००० च्या आसपास राहतो. याउलट, धड बनावटीची कोणतीही चेन सरळ ओढली असता ८००० न्यूटनांपेक्षा अधिक ताण सोसते. म्हणजे माणसाच्या पायाचा सगळा जोर लागला तरी चांगल्या चेनची निम्मी ताकद शिल्लकच असते. निव्वळ ओढीने ती तुटत नाही.

मग ती तुटते कशी, हे समजण्यासाठी तिची रचना पाहावी लागते. मूळ स्विस असलेला अभियंता हान्स रेनॉल्ड याने १८८० मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे बुश (पिनेभोवतीची बारीक नळी) आणि रोलर (त्या नळीभोवती फिरणारी मोठी नळी) असलेल्या चेनचे पेटंट घेतले. आजच्या सायकलची चेन त्याच कल्पनेवर उभी आहे. एका पिनेच्या मध्यापासून दुसऱ्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. आतल्या दोन पट्ट्या पिनेभोवती मोकळ्या फिरतात. बाहेरच्या दोन पट्ट्यांत मात्र पिन दाबून घट्ट बसवलेली असते आणि तिची टोके ठोकून किंचित पसरवलेली असतात. गिअरच्या चेनमध्ये वेगळे बुश नसते, तर आतल्या पट्ट्यांचेच काठ वळवून त्याचे काम भागवलेले असते, त्यामुळे ती आडवी थोडी लवते आणि एका चक्रावरून दुसऱ्यावर जाऊ शकते. बाहेरची पट्टी पिनेवर धरून ठेवण्याचे सगळे काम त्या घट्ट बसणीवर आणि पसरवलेल्या टोकाच्या बारीकशा कडेवर अवलंबून असते.

तुटलेली कडी फेकून न देता भिंगाखाली पाहावी. पट्टी मधून ताणून फाटल्याचे क्वचितच दिसते. बाहेरची एक पट्टी पिनेवरून निसटून बाहेरच्या अंगाला वाकलेली असते, तिचे भोक एका बाजूला किंचित लांबट झालेले असते आणि पिनेच्या टोकाची पसरवलेली कड अर्ध्या घेरावर सोलून निघालेली असते. दुसऱ्या बाजूची पट्टी मात्र पुष्कळदा जागेवर शाबूत असते. पत्र्याच्या डब्याचे झाकण चमच्याने एका बाजूने उचकटावे तशी ती पट्टी उचकटली गेलेली असते. जो जोर सरळ ओढीत काहीच करू शकत नाही, तो आडवा लागला की पुरेसा होतो.

हा आडवा जोर बहुतेक वेळा गिअर बदलताना येतो, आणि त्यात पुढचा व मागचा गिअर यांत मोठा फरक आहे. मागचा डिरेल्युर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारी यंत्रणा) चेनच्या खालच्या, सैल बाजूला ढकलतो. पुढचा डिरेल्युर वरच्या, म्हणजे ताणलेल्या बाजूलाच आडवा रेटा देतो. ताण असलेली चेन सहजासहजी सरकत नाही, म्हणून स्वार लिव्हर आणखी दाबतो, आणि एका क्षणी कडी चेनव्हीलच्या दातावर तिरपी चढते. दात मधल्या फटीत न शिरता बाहेरच्या पट्टीच्या कडेखाली येतो आणि वरून सगळा ताण पडतो. मागे गिअर बदलतानाही एका चक्रावरून दुसऱ्यावर जाणारी चेन क्षणभर दोन्ही चक्रांवर असते, आणि तेवढ्यात उभे राहून जोर लावला तर तिथेही हेच घडते. म्हणून चढ समोर दिसताच, तो सुरू होण्याआधी, गिअर हलका करावा. तेवढे साधले नाही तर बदलताना अर्धा फेरा पाय हलका ठेवावा. इतक्याने तुटण्याची शक्यता जितकी घटते, तितकी महागडी चेन घेतल्याने घटत नाही.

मात्र ज्या चढावर चेन तुटते त्याच चढावर ती बिघडली असेल असे नाही. वाकलेली कडी किंवा किंचित उचललेली पट्टी पुढे कित्येक दिवस धावत राहते. ११४ कड्यांची चेन, ३२ दातांचे चेनव्हील आणि मिनिटाला ७० फेरे असे धरले, तर प्रत्येक कडी मिनिटाला सुमारे २० वेळा ताणात येते आणि सैल होते, तासाभरात सुमारे १२०० वेळा. अशा वारंवार भाराने धातूला थकवा येतो. पट्टीच्या भोकाच्या काठाशी केसाहून बारीक तडा जातो, आणि तो थोडाथोडा वाढत राहतो. डोळ्यांना हे दिसत नाही, पण पेडल उलटे फिरवताना एखादी कडी ताठ राहून डिरेल्युरच्या लहान चाकांवरून उडी मारत असेल, तर ती तपासायलाच हवी.

आपल्या भागात याहून नेहमीचे एक कारण आहे, ते म्हणजे चुकीचे जोडकाम. जाड, बिनगिअरच्या चेनची पिन अर्धवट बाहेर काढून तीच पुन्हा आत ढकलण्याची दुकानांतली जुनी रीत त्या चेनपुरती चालून जाते. ८ गिअरची, म्हणजे मागे ८ चक्रे असलेल्या सायकलीची, चेन बाहेरून सुमारे ७.१ मिलिमीटर रुंद असते, १२ गिअरची साधारण ५.२ ते ५.३ मिलिमीटर. आतली दातासाठीची जागा मात्र २.४ वरून २.२ मिलिमीटरपर्यंतच कमी झाली आहे. म्हणजे बाकीची बचत पट्ट्यांच्या जाडीतून आणि पिनेच्या बाहेर डोकावणाऱ्या टोकातून केलेली आहे. अशा चेनची पिन एकदा बाहेर काढली की तिची पसरवलेली कड खरवडली जाते, पट्टीचे भोक सैल होते, आणि तीच पिन परत बसवली तर तो जोड पूर्वीसारखा कधीच होत नाही. जोडायला त्या रुंदीची क्विक लिंक (पिन न ठोकता बसवता येणारी जोडकडी) वापरावी, किंवा कंपनीने दिलेली नवी पिन. ११ आणि १२ गिअरच्या बहुतेक क्विक लिंक एकदाच वापरायच्या असतात, आणि ही सूचना कंजूषपणाने मोडू नये.

आता झिजेविषयी. चेन ताणली गेली, असे आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिन आणि आतल्या पट्टीची वळवलेली कड एकमेकींवर घासून झिजतात, त्यामुळे दोन पिनांमधले अंतर वाढते. अर्धा टक्का झीज म्हणजे प्रत्येक कडीत जेमतेम ०.०६ मिलिमीटर, पण तेवढ्यानेही चेन कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चक्रांच्या संचाच्या, दातांवर वर सरकून बसू लागते आणि नवे दात खाऊ लागते. झिजलेली चेन जोर लावताच दातावरून उडी मारते, आणि त्या हिसक्याने आधीच कमकुवत झालेली कडी सुटते. मोजायला पोलादी फूटपट्टी पुरे. २४ कड्यांचे अंतर १२ इंच भरायला हवे. ते सुताराच्या भाषेतल्या अर्ध्या सुताने, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाने वाढले, की ११ आणि १२ गिअरची चेन बदलावी. ८-९ गिअरच्या चेनला थोडी अधिक सवलत आहे, पण वाढ पूर्ण एक सूत होण्याआधी तिलाही निरोप द्यावा, नाहीतर कॅसेटही बदलावी लागते.

ही झीज किती वेगाने होते हे इथल्या मातीवर फार अवलंबून आहे. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडची आणि पुढे जोयड्यापर्यंतची लाल माती जांभ्यापासून झालेली आहे. तिच्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे असतात, शिवाय गारेचे (क्वार्ट्झचे) कण असतात, आणि गारेचा कठीणपणा मोस मापनपट्टीवर ७ आहे. उन्हाळ्यातली ती बारीक धूळ तेलकट चेनवर बसली की तेलात कालवून पिनेपर्यंत पोहोचते आणि धातू घासणारी पेस्ट तयार होते. म्हणून कोरड्या दिवसांत पातळ, कोरडे होणारे वंगण किंवा मेण योग्य. पूर्वेला गोकाक, रायबाग, अथणीकडे काळी माती. ती भिजली की फुगते आणि चिकटते, चेन व डिरेल्युर यांच्यात गोळ्यांनी अडकते. तशा चिखलात जोर लावून पुढे रेटले तर चेनबरोबर डिरेल्युरही मोडतो, तेव्हा उतरून काटकीने माती काढणेच शहाणपणाचे.

पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात घट्ट वंगण लागते, कारण पातळ वंगण पहिल्याच सरीत धुऊन जाते. घरी आल्यावर बादलीच्या पाण्याने सायकल धुवावी. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाणी आणि वाळू उलट पिनेकडे ढकलली जाते. चेन कोरडी पुसून त्याच संध्याकाळी प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडावा, थोड्या वेळाने बाहेरचे तेल फडक्याने पूर्ण पुसून टाकावे. वंगण लागते ते आत. बाहेर राहिलेले तेल धुळीलाच आमंत्रण देते. गॅरेजमधले जळके ऑइल फुकट मिळते म्हणून ते चेनला लावण्याची सवय सोडलीच पाहिजे, कारण इंजिनातल्या झिजेचे धातूचे कण त्यात आधीच मिसळलेले असतात.

गंजलेली चेन रात्रभर व्हिनेगरमध्ये, चिंचेच्या पाण्यात किंवा फरशी धुण्याच्या ॲसिडमध्ये बुडवून ठेवणे हा प्रकार मात्र धोक्याचा आहे, आणि तो पुष्कळ घरांत चालतो. आम्ल आणि लोखंड यांच्या अभिक्रियेत निर्माण होणारा हायड्रोजन अणुरूपात उष्णोपचार केलेल्या कठीण पोलादात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. प्लेटिंगच्या धंद्यात हे पूर्ण ठाऊक असल्यामुळे कठीण भाग प्लेटिंगनंतर लगेच तापवून हायड्रोजन बाहेर काढतात. घरातल्या बादलीत ती सोय नसते. चेन चकचकीत दिसते, पण आधीपेक्षा ठिसूळ झालेली असते. वरवरचा गंज असेल तर रॉकेल आणि ब्रशने निघतो. गंजामुळे भोकांच्या काठांना खळगे पडले असतील, तर ती चेन टाकून द्यावी.

निवडीचा प्रश्न आता सोपा होतो. पहिली अट अशी, की मागे जितके गिअर असतील तितक्यांसाठीच बनवलेली चेन घ्यावी. २१ गिअरच्या सायकलीत मागे सात चक्रे असतात, आणि तिला ६-७-८ गिअरसाठीची एकच चेन चालते. १२ गिअरमध्ये एका कंपनीची चेन दुसऱ्या कंपनीच्या कॅसेटवर नीट चालेलच असे नाही. वजनाला महत्त्व देऊ नये. पोकळ पिना आणि पट्ट्यांना पाडलेल्या खाचा काही ग्रॅम वाचवतात, पण डोंगरातल्या स्वाराला त्यांचा फायदा नगण्य आहे. पैसे द्यावेत ते दोन गोष्टींसाठी. एक, क्रोमियमचा उपचार करून पृष्ठभाग कठीण केलेल्या पिना, ज्यांनी झीज फार लांबते. दुसरी, आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही पट्ट्यांना असलेले गंजरोधक लेपन, कारण स्वस्त चेनमध्ये ते बाहेरच्याच पट्ट्यांना असते. सोनेरी रंगाने ताकद वाढत नाही. वजनदार स्वारांनी बॅटरीच्या सायकलींसाठी बनवलेल्या चेनचा अवश्य विचार करावा, कारण मोटरचा वाढीव ताण गृहीत धरून त्यांत पिना अधिक मजबूत बसवलेल्या असतात. खोके उघडल्यावर पिनांची टोके उजेडात एका ओळीत पाहावीत. एखादे टोक इतरांपेक्षा आत किंवा बाहेर दिसले तर ती चेन परत करावी. शिमानो, श्रॅम किंवा केएमसी असे नाव खोक्यावर असले तरी ही तपासणी चुकवू नये, कारण नकली मालही त्याच नावांनी विकला जातो.

नवी चेन बसवताना लांबीत काटकसर करू नये. पुढचे आणि मागचे सर्वांत मोठे चक्र एकाच वेळी वापरले तरी चेन ताठ होऊ नये, इतकी ती लांब असायला हवी. मागे सस्पेन्शन असेल तर ते पूर्ण दाबून हे पाहावे, कारण दाबल्यावर बहुतेक सायकलींत चाक आणि क्रँक यांच्यातले अंतर वाढते.

रानात जाताना चेन टूल (पिन काढायचे हत्यार) आणि आपल्या चेनच्या रुंदीच्या दोन क्विक लिंक सोबत असाव्यात. फक्त बाहेरची कडी निसटली असेल, तर दोन्ही बाजूंच्या पिना काढून तिच्या जागी क्विक लिंक घालता येते आणि चेनची लांबी तीच राहते. शेजारची आतली कडीही वाकली असेल, तर ती आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या कड्या काढून एका क्विक लिंकने टोके जोडावी लागतात, आणि चेन एक इंचाने आखूड होते. तशा चेनवर घरी पोहोचेपर्यंत पुढचे मोठे चेनव्हील आणि मागचे मोठे चक्र ही जोडी वापरायची नाही, आणि घरी आल्यावर फूटपट्टी लावून ती ठेवायची की बदलायची ते ठरवायचे.