घरघर, शिट्टी आणि चाळणी: शाळेतल्या दमा-ॲलर्जी तपासणीची पार्श्वभूमी

शाळेत डॉक्टर शिरले ते साथींच्या भीतीने. बॉस्टनमध्ये १८९४ साली शाळांत डॉक्टरांच्या फेऱ्या सुरू झाल्या, त्या संसर्गजन्य रोगाचं मूल वेळीच घरी पाठवण्यासाठी. इंग्लंडमध्ये निमित्त निराळं होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला आलेले तरुण इतक्या संख्येने अपात्र ठरले की सरकार हादरलं आणि १९०७ च्या कायद्याने शाळेत वैद्यकीय तपासणी आली. वजन, उंची, दात, डोळे, कान. दमा या रांगेत बसत नव्हता. अधू डोळा रोजच अधू असतो. दम्याचं तसं नाही. रात्री दोनला उशीला टेकून बसलेलं मूल सकाळी दहाला डॉक्टरांसमोर उभं राहतं तेव्हा छाती स्वच्छ.

‘ॲलर्जी’ हा शब्दही तेव्हा नवाकोरा होता. व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो १९०६ मध्ये घडवला. त्याआधीच मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःच्याच हातावर ओरखडा काढून त्यावर परागकण चोळले होते आणि उठलेली गांध पाहिली होती. आजची प्रिक टेस्ट तत्त्वाने तीच: संशयित पदार्थाचा थेंब, हलकी टोच, पंधरा-वीस मिनिटं वाट, मग पट्टीने फोड मोजायचा. फोडामागचं आयजीई हे प्रतिपिंड मात्र १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ओळखलं गेलं.

१९५९ मध्ये राइट यांचा पीक फ्लो मीटर, म्हणजे जोरात फुंकलेल्या हवेचा वेग मोजणारं यंत्र, आला, पुढे त्याची सुटसुटीत नळीही निघाली. पोरांना ती आवडते. छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ घट्ट लावायचे आणि एकदम फुंकायचं. काटा सरकतो आणि थांबतो. तपासणी सोपी होईल असं वाटलं होतं. पण पुन्हा तेच, बऱ्या दिवशी काटा बराच आकडा दाखवतो. शिवाय वर्गातली पोरं फुंकण्याची शर्यत लावतात, ते वेगळंच.

खरा धक्का १९८३ मध्ये बसला. न्यूकॅसल परिसरातल्या सात वर्षांच्या मुलांच्या पाहणीत दिसलं की छातीत घरघर होणाऱ्या बहुतेक मुलांच्या पालकांना ‘दमा’ हा शब्द कुणी सांगितलाच नव्हता. खोकल्याची औषधं आणि अँटिबायोटिक्स चालू होती, शाळा बुडत होती. माझ्या मते शाळा-तपासणीची मागणी इथून जोर धरते. आजार घराघरात होता, नाव तेवढं नव्हतं.

मग यंत्रापेक्षा प्रश्न कामाला आला. १९९१ मध्ये सुरू झालेल्या आयझॅक या मुलांमधल्या दमा-ॲलर्जीच्या आंतरराष्ट्रीय पाहणीने विचारलं: गेल्या बारा महिन्यांत छातीत घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज आला का? पहिल्या टप्प्यात १३-१४ वर्षांची ४,६३,८०१ मुलं होती. ५६ देश, १५५ केंद्रं. अडचण भाषेची. आपल्याकडेच बघा, घरघर, सुंसूं, धाप, प्रत्येक घराचा शब्द निराळा. म्हणून या वयाच्या मुलांसाठी त्रास होणाऱ्या व्यक्तींची चित्रफीतही तयार केली होती: तुला असं होतं का, एवढंच विचारायचं.

पण मोजणं निराळं आणि चाळणं, म्हणजे सगळ्यांना तपासून त्यातले आजारी वेगळे काढणं, निराळं. विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाळणी-तपासणीचे निकष मांडले होते. त्यातला एक फार अडचणीचा: सापडलेल्यांना निदान आणि उपचार मिळण्याची सोय हवी. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या छातीच्या आजारांवरच्या तज्ज्ञ संघटनेच्या २००७ च्या अहवालाने सरसकट दमा-तपासणीची शिफारस केली नाही. शोधलेल्या मुलांची तब्येत त्यामुळे सुधारते याचा पुरावा अपुरा होता. ॲलर्जीचं तर आणखी बिकट. टोचल्यावर फोड आला म्हणजे तो पदार्थ बाधतोच असं नाही, त्यामुळे सरसकट चाचणी केली तर कितीतरी मुलांचं खाणं उगाच तोडलं जाईल.

धोरणाचा भर मग शोधण्याकडून सांभाळण्याकडे सरकला. ब्रिटनमध्ये २०१४ पासून शाळांना तातडीसाठी साल्ब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचा इनहेलर आणि २०१७ पासून ॲलर्जीच्या तीव्र झटक्यात टोचायचं ॲड्रेनॅलिनचं ऑटो-इंजेक्टर स्वतः ठेवता येऊ लागलं. मात्र कपाटातला तो इनहेलर द्यायचा तो दम्याचं निदान झालेल्या किंवा आधीच इनहेलर लिहून दिलेल्या मुलाला, तेही पालकांची लेखी संमती असेल तरच. ज्याच्या घरघरीला अजून नावच मिळालेलं नाही, ते मूल त्या यादीत नसतं.