अंदमानला निघण्याआधी एवढं वाचून घ्या

प्रवासी मंडळी, नमस्कार.

बुकिंग झालं की आमच्या पुण्याच्या ऑफिसात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सहलीत पहाटे साडेचारला का उठवता?" पुणे आणि पोर्ट ब्लेअर यांच्या रेखांशांत जवळपास १९ अंशांचा फरक आहे. अंशाला ४ मिनिटं धरली, तर तिथला सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास पुढे धावतो. घड्याळ मात्र तेच. डिसेंबरात आपल्याकडे चहाचं आधण ठेवायची वेळ होते, तेव्हा तिकडे सूर्य मावळत असतो. दुपारी जेवून आडवं झालात, तर राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त हुकलाच समजा.

तिकिटावरची नावं पाहून गोंधळू नका. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप. ही नावं २०१८ मध्ये बदलली. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम झालं. बोलण्यात जुनी नावंच जास्त ऐकू येतात. भाषेची अडचण नाही, हिंदी सगळीकडे चालते. हॅवलॉक-नीलवर घरोघरी बंगाली बोलतात.

आता आमच्या सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय: शंख.

किनाऱ्यावर पडलेला शंख रिकामा दिसला तरी अनेकदा त्यात कुणीतरी राहत असतं: हर्मिट क्रॅब, म्हणजे शंखात राहणारा खेकडा. या खेकड्याचं पोट मऊ आणि वळलेलं असतं, वर कवच नसतं. म्हणून तो मेलेल्या गोगलगायीचा शंख पाठीवर घेऊन फिरतो, वाढला की मोठा शंख शोधतो. कल्ले ओले राहावेत म्हणून शंखात थोडं पाणीही बाळगतो. शंख मिळाले नाहीत, तर बाटलीच्या झाकणात अंग कोंबून राहतो. तसा खेकडा एकदा बघितला की शंख उचलायला हात धजत नाही.

आमच्या एका सहलीत एका मुलीनं पांढरा शंख खोलीवर आणून टेबलावर ठेवला होता. रात्री खडखड ऐकू आली. दिवा लावला, तर शंख फरशीवरून दाराकडे निघालेला! पहाटे तिच्यासोबत जाऊन आम्ही तो होता तिथे ठेवला. बराच वेळ काही हललं नाही. मग आधी मिशा आल्या, मग दारासारखी तोंडावर लावलेली जांभळट डावी नांगी बाजूला झाली, आणि स्वारी झाडीकडे चालू लागली. त्या मुलीनं सहलीत पुन्हा एकही शंख उचलला नाही.

कायद्याचंही ऐका. प्रवाळ, मग ते मेलेलं का असेना, आणि कित्येक जातींचे शंख-शिंपले वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. विमानतळावर बॅगा तपासतात. आठवण म्हणून फोटो आणा.

पोहायचं ते जिथे परवानगी आहे तिथेच. खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ आणि तिन्हीसांजेला पाण्यात उतरू नका. खाऱ्या पाण्यातल्या मगरी इथे खरोखर आहेत, त्यांचे फलक शोभेसाठी लावलेले नाहीत. वाळूतल्या बारीक माश्या चावल्या तर खाज चार-पाच दिवस जात नाही. संध्याकाळी पूर्ण पँट घाला. लॉजच्या भिंतीवर भर दिवसा हिरवीगार पाल दिसली, तर मारायला धावू नका. ती फक्त अंदमानातच सापडते.

बाराटांग बेटाचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. तिथे गाडी थांबवणं, फोटो काढणं, खाऊ देणं हा गुन्हा आहे. "जारवा दिसतील का?" असं कुणी विचारलं, तर आमचं उत्तर एकच: माणसं दाखवायची सहल आम्ही काढत नाही.

नीलचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच नीट बघता येतो, आणि ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. म्हणून त्या दिवसाची वेळ आम्ही आदल्या रात्री सांगतो. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, त्यामुळे परतीच्या विमानाआधीचा मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच ठेवलेला आहे; तो बदलून मागू नका.

निघण्याच्या आधीच्या रविवारी ऑफिसात सगळ्यांची भेट असते. मुलांना जरूर आणा. बाटलीच्या झाकणातल्या खेकड्याचा फोटो आमच्या भिंतीवर लावलेला आहे.