जुन्या कॅमेऱ्यांतील बिघाड (कोकण किनारपट्टी)

रोलवर चालणारे कॅमेरे आणि २००० ते २०१० या दशकातले डिजिटल कॅमेरे यांत वारंवार आढळणारे दोष, ते ओळखण्याची रीत आणि घरी करता येण्याजोगे उपाय. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर कॅमेरा वापरून झिजतो त्याहून अधिक तो कपाटात पडून खराब होतो. पावसाळ्याचे चार महिने हवेतली सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते, रत्नागिरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि उरलेले आठ महिने खारा वारा वाहतो. ज्या घरात पापड सादळतो, त्या घरात लेन्सही सादळते.

लेन्सला लागणारी बुरशी हा इथला सर्वांत मोठा शत्रू. ती ओळखण्यासाठी लेन्समधले छिद्र (ज्यातून उजेड आत येतो) पूर्ण उघडावे, म्हणजे त्याचे माप सांगणारा एफ-आकडा सर्वांत लहान ठेवावा, आणि लेन्सच्या मागून तिरपा टॉर्च मारून पुढून पाहावे. धूळ ठिपक्यांसारखी दिसते, बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी फांद्या फुटत पसरलेली दिसते. सुरुवातीला तिचा फोटोवर काहीच परिणाम जाणवत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पुढे उजेडाकडे तोंड करून काढलेल्या फोटोंवर पांढुरके सावट येऊ लागते. बुरशीतून स्रवणारी आम्ले काचेवरचा लेप आणि अखेर काचही खातात. ती खूण मग पुसली जात नाही. बाहेरच्या काचेवरची कोवळी बुरशी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने निघते. आतल्या काचांसाठी लेन्स खोलावी लागते, ते काम जाणत्या कारागिराचे. दोन चिकटवलेल्या काचांच्या मध्ये बुरशी शिरली असेल तर त्या लेन्सवर पैसे घालू नयेत.

बुरशी ओलीत आणि अंधारात फोफावते, म्हणून चामड्याचे केस हे तिचे माहेरघर ठरते. कॅमेरा चामड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवण्याची जुनी सवय प्रेमापोटी असली तरी कॅमेऱ्याला ती घातकच. आगोटीची बेगमी करताना कॅमेऱ्याचीही करावी: झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पिशव्या आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहावा. फार कोरडेही बरे नव्हे, वंगण सुकते. निळे जेल गुलाबी झाले की त्याने पाणी प्यायले असे समजावे. ते मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करता येते. पूर्वी फोटो स्टुडिओंत लोखंडी कपाटात १५ वॅटचा दिवा पेटता ठेवत. त्याच्या उबेने आतली सापेक्ष आर्द्रता उतरत असे. आजचा एलईडी दिवा ते काम करत नाही, कारण तो फारसा तापत नाही. डांबराच्या गोळ्या कॅमेऱ्याजवळ नकोत. त्यांची वाफ काचेवर बसते.

कॅमेरा ‘मेला’ अशी तक्रार आली की आधी सेलचा कप्पा उघडावा. असे अनेक कॅमेरे तिथेच जिवंत होतात. विसरलेला सेल पाझरतो आणि पत्र्यांवर पांढरी किंवा हिरवट भुकटी साचते. अल्कलाइन सेलची गळती अल्कधर्मी असते, त्यामुळे कानकोरणीच्या कापसावर व्हिनेगरचे दोन थेंब घेऊन ती विरघळवावी आणि मग अल्कोहोलने पुसून वाळवावे. साठच्या-सत्तरच्या दशकांतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेला आहे. ते सेल आता मिळत नाहीत. त्या जागी १.५ व्होल्टचा सेल घातला की अनेक मॉडेलांत मापक उजेड जास्त दाखवतो आणि फोटो काळपट येतो. श्रवणयंत्राच्या झिंक-एअर सेलचा दाब १.४ व्होल्टच्या आसपास असतो. तो कप्प्यात नीट बसवता आला तर काम भागते. मापकाची परीक्षा लख्ख उन्हात घ्यावी: १०० आयएसओला (आयएसओ म्हणजे रोलची उजेड टिपण्याची क्षमता) एफ १६ आणि १/१२५ सेकंद हे उत्तर यायला हवे. समुद्राच्या वाळूत मात्र उजेड परावर्तित होतो, तिथे ही परीक्षा घेऊ नये.

शटर (ठरावीक वेळ उघडून रोलवर उजेड पडू देणारा पडदा) तपासताना रोल नसल्याची खात्री करून मागचे झाकण उघडावे आणि १ सेकंदाचा वेग लावावा. शटर दोन-तीन सेकंद रेंगाळले किंवा उघडेच राहिले, तर आतले वंगण घट्ट झाले आहे. पाचपन्नास वेळा चालवल्यावर ते कधी कधी मोकळे होते. खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल सोडणे हा घोर अपराध आहे; ते पात्यांवर पसरते आणि शटर कायमचे चिकटते. धुतलेल्या रोलवर प्रत्येक फोटोत एकाच कडेला पट्टा दिसत असेल, तर झाकणाच्या खाचेतला स्पंज कुजला आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतला हा स्पंज बोटाला डांबरासारखा लागतो. लाकडी काडीने आणि अल्कोहोलने तो खरवडून खाचेत काळ्या लोकरीचा धागा बसवला की उजेड अडतो. कॅमेऱ्याच्या आतला आरसा आणि शटरच्या पडद्याला हात लावू नये.

डिजिटल कॅमेऱ्यांतला एक दोष किनाऱ्यावर ध्यानात ठेवण्यासारखा आहे. २००२ ते २००४ च्या सुमारास बनलेल्या काही सीसीडी सेन्सरांची (रोलच्या जागी चित्र टिपणाऱ्या चिपांची) आतली जोडणी उष्ण, दमट हवेत सुटत असे. चित्र जांभळट, रेघाळलेले किंवा पूर्ण काळे दिसे. २००५ मध्ये सोनीसह अनेक कंपन्यांनी असे कॅमेरे विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे जाहीर केले. ती मुदत कधीच सरली, म्हणून त्या काळचा कॅमेरा विकत घेताना आधी एक फोटो काढून पाहावा. नवे कार्ड ‘वाचत नाही’ असे झाले तर बहुधा कार्डाचा दोष नसतो: २००६ पूर्वीचे बहुतेक कॅमेरे २ जीबीपर्यंतचेच एसडी कार्ड ओळखतात. दर वेळी तारीख विचारली जात असेल तर घड्याळाचा छोटा सेल संपलेला असतो. निळ्या आकाशात एकाच जागी येणारे करडे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती हाताने दाबून हवा मारायच्या रबरी फुग्याने उडवावी, तोंडाने फुंकू नये. लेन्स बाहेर येऊन अर्ध्यात अडली तर गिअरमध्ये वाळूचा कण असतो. ती हाताने ओढल्यास दात तुटतात.

आतील फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात. सेल काढल्यावरही ते काही काळ टिकतात, म्हणून फ्लॅश असलेला कॅमेरा हौसेखातर खोलू नये.

खाऱ्या पाण्यात पडलेला कॅमेरा वाचण्याची शक्यता थोडीच. सेल ताबडतोब काढावा आणि चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. तांदळाच्या डब्यात पुरल्याने मीठ निघत नाही, उलट पिठूळ कण सांध्यांत शिरतात. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी शिरले तशा पुरात फिल्म-कॅमेरा भिजला आणि आत रोल असला, तर तो अंधारात काढावा आणि वाळवू नये. वाळताना रोलचे थर एकमेकांना चिकटतात. स्वच्छ थंड पाण्याने भरलेल्या, उजेड न शिरणाऱ्या डब्यात तो बुडवून ठेवावा आणि शक्य तितक्या लवकर धुणाऱ्याकडे न्यावा.