माळा आणि पोटमाळा : लहान खोलीतील उंचीचा हिशेब

खोलीची लांबी-रुंदी वाढवणे शक्य नसते, तेव्हा लहान जागेत राहणारा किंवा काम करणारा माणूस साहजिकच भिंतींच्या वरच्या भागाकडे पाहू लागतो. मुंबईत विकास विभागाने १९२० च्या दशकात उभारलेल्या बीडीडी चाळींमधील खोली १६० चौरस फुटांची होती, आणि तेवढ्याच जागेत स्वयंपाक, झोपणे, मुलांचा अभ्यास आणि पाहुण्यांची ऊठबस हे सर्व होत असे. अशा खोल्यांमधून, तसेच लहान दुकाने, दवाखाने आणि शिंप्यांच्या कारखान्यांमधून, उंचीचा उपयोग करण्याच्या दोन पद्धती रुळल्या : माळा आणि पोटमाळा. खोली सजवण्याचा विचार सुरू झाला की घरातली माणसे, सुतार आणि फॅब्रिकेटर ही दोन नावे सरमिसळ वापरतात, आणि ‘जरा मोठा माळा काढू या’ असे म्हणता म्हणता प्रत्यक्षात पोटमाळा उभा राहतो. या दोन रचनांवरील भार, त्यांना लागणारी उंची, जिन्याची सोय आणि कायद्यातील स्थान ही सर्व वेगवेगळी असतात. त्यामुळे काम सुरू होण्यापूर्वी आपण नेमके काय बांधून घेत आहोत, हे स्पष्ट असणे आवश्यक आहे.

माळा ही सामान ठेवण्याची जागा आहे. तो बहुधा दीड-दोन फूट खोलीचा, भिंतीला धरून काढलेला आणि दरवाजा, मोरी किंवा स्वयंपाकाचा ओटा यांच्या वरच्या बाजूला असतो, आणि त्यावर चढण्यासाठी स्टूल किंवा हलकी शिडी पुरते. गणपतीचे मखर, जादा गाद्या, पितळेची मोठी भांडी, सुटकेसी अशा वर्षातून एकदा-दोनदा लागणाऱ्या वस्तूंची ती जागा होय. पोटमाळा हा मात्र खोलीच्या पोटात घातलेला मधला मजला असतो. तेथे माणूस चढून जातो, उभा राहतो, बसतो, झोपतो किंवा काम करतो. दुकानात खाली गल्ला आणि वर हिशेबाचे टेबल, किंवा खाली कापड घेण्याचा काउंटर आणि वर शिलाईयंत्रे, अशी मांडणी पोटमाळ्यामुळेच शक्य होते. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतही हा भेद केलेला आहे : माळ्याची उंची जास्तीत जास्त १.५ मीटर, म्हणजे पाच फुटांहून किंचित कमी, असावी आणि त्याचा वापर साठवणीसाठीच व्हावा, असे तिची व्याख्या सांगते. माळा नसलेला मधला मजला तो पोटमाळा.

खरा गोंधळ उंचीच्या हिशेबात होतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार पोटमाळ्याची उंची किमान २.२ मीटर, म्हणजे सुमारे सव्वासात फूट, असावी लागते. पोटमाळ्याखालच्या जागेतही माणसेच वावरणार असल्यामुळे तिलाही तेवढीच मोकळी उंची हवी. मधल्या मजल्याची स्वतःची जाडी, म्हणजे गर्डर आणि त्यावरील प्लाय किंवा चेकर्ड प्लेट मिळून, अर्धा फूट धरली, तर एकूण पंधरा फूट उंची लागते. आजच्या सदनिकांमध्ये एवढी उंची नसते. राहण्याच्या खोलीची संहितेने ठरवलेली किमान उंची २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट, आहे आणि बहुतेक बांधकाम त्याच्या आसपासच राहते. नऊ फुटी खोलीत सात फुटांवर माळा काढला, तर वर पावणेदोन फूट जागा उरते आणि ती साठवणीला पुरेशी असते. तेथे झोपण्याची जागा करण्याचा आग्रह धरला, तर खालच्याला वाकून चालावे लागते आणि वरच्याला उठून बसता येत नाही. मुंबईतील झोपडपट्ट्यांमध्ये घराच्या उंचीवर १४ फुटांची मर्यादा आहे आणि त्या मर्यादेतच दोन मजले बसवले जातात. मधल्या मजल्याची जाडी वजा केली, की दोन्हीकडे पावणेसात फूट येतात. तेथे जे नाइलाजाने चालते, ते पर्याय असताना मुद्दाम ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

जिन्याचा विचार तर बहुतेक जण अगदी शेवटी करतात, आणि माझ्या मते पोटमाळ्याचा निर्णय जिन्यापासूनच सुरू व्हायला हवा. खालची सव्वासात फूट उंची आणि मजल्याची जाडी मिळून ९३ इंच चढायचे आहेत. प्रत्येक चढ पावणेआठ इंचांचा धरला, तर बारा चढ आणि अकरा पायऱ्या होतात. पायरीची रुंदी नऊच इंच ठेवली, तरी जिना सव्वाआठ फूट लांब होतो, आणि अडीच फूट रुंदीचा असा जिना खोलीची सुमारे वीस चौरस फूट जमीन व्यापतो. दहा बाय बाराच्या खोलीत हा वाटा एक षष्ठांश होतो. शिवाय जिना जेथे वर पोहोचतो, तेथे डोके आपटू नये म्हणून पोटमाळ्याचा काही भाग उघडा सोडावा लागतो. पन्नास चौरस फुटांचा पोटमाळा काढून पन्नास चौरस फूट मिळाले, असा समज त्यामुळे फसवा ठरतो. जागा वाचवण्यासाठी उभी लोखंडी शिडी लावण्याचा उपाय तरुणांना जमतो, पण वृद्धांना आणि हातात सामान असलेल्यांना ती शिडी धोक्याची असते. जिन्याच्या पोकळीत कप्पे करून गेलेल्या जागेपैकी काही भाग परत मिळवता येतो, आणि तो मिळवायलाच हवा. माळ्याला मात्र यांतले काहीही लागत नाही. खालची जमीन पूर्ण मोकळी राहते, आणि लहान खोलीच्या दृष्टीने हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

भाराच्या बाबतीत दोहोंचे काम अगदी निराळे आहे. घरातील खोलीच्या जमिनीसाठी भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापरभार, म्हणजे माणसे आणि सामान यांचे वजन, धरतात, म्हणजे चौरस फुटाला साधारण साडेअठरा किलो. पोटमाळ्यालाही किमान हाच भार धरावा लागतो. पन्नास चौरस फुटांना तो सव्वानऊशे किलोंच्या घरात जातो, आणि गर्डर, प्लेट व कठडा यांचे वजन त्यावर आणखी पडते. हा सर्व भार गर्डरच्या टोकांमधून भिंतीत किंवा खांबांत उतरतो. चार इंची विटांच्या आडभिंतीत खाच पाडून गर्डर टेकवणे म्हणूनच अत्यंत घातक असते, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी सल्ल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये. माळा बहुधा एका बाजूने भिंतीत रोवलेला आणि दुसऱ्या बाजूने मोकळा असतो, त्यामुळे पुढच्या कडेवर ठेवलेले वजन मुळाशी सर्वाधिक ताण निर्माण करते. जड वस्तू भिंतीला टेकवून मागे आणि हलक्या पुढे, ही मांडणी केवळ सोयीची नव्हे, सुरक्षिततेची आहे. जुन्या घरांत कडप्प्याचे माळे आढळतात. हा दगड ठिसूळ असल्यामुळे वाकून इशारा न देता एकदम तुटतो. पुस्तके आणि जुन्या फायली यांच्याबाबत विशेष सावध राहावे, कारण रचून ठेवलेल्या पुस्तकांचे वजन एका घनफुटाला सुमारे वीस किलो भरते. म्हणजे फूटभर उंचीची रासदेखील माणसांच्या खोलीसाठी धरलेल्या भाराच्या पलीकडे जाते.

खोलीचे रूप या दोन रचना कशा बदलतात, हेही पाहायला हवे. माळ्याला भिंतीच्याच रंगाची सपाट शटर लावली आणि त्याचा तळही त्याच फिकट रंगात रंगवला, तर तो डोळ्यांत भरत नाही. उघडा माळा मात्र कितीही नीट लावला तरी खोली भरलेली दाखवतो. पोटमाळा असा लपवता येत नाही. तो खिडकीसमोर आला, तर खालच्या भागात दिवसाही दिवा लावावा लागतो, म्हणून तो खिडकीच्या विरुद्ध भिंतीकडे आणि खोलीच्या निम्म्याहून कमी भागावर असावा. उरलेला भाग पूर्ण उंचीचा मोकळा ठेवला, की उजेड दोन्हीकडे पोहोचतो आणि खोलीची भव्यताही टिकते. गरम हवा वर चढत असल्यामुळे उन्हाळ्यात पोटमाळा तापतो, आणि त्यावर थेट गच्ची किंवा पत्रा असेल, तर दुपारी तेथे बसवत नाही. छताचा पंखा वर माणसांच्या अंगाशी येत असल्याने दोन्ही स्तरांवर भिंतीवरचे पंखे घ्यावेत आणि गरम हवा बाहेर जाण्यासाठी वरच्या बाजूला झरोका किंवा एक्झॉस्ट ठेवावा. कठड्याच्या गजांमधले अंतर लहान मुलाचे डोके अडकणार नाही इतके कमी असावे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येईल. नियमांनी घातलेल्या आकाराच्या मर्यादेतील माळा चटई निर्देशांकात, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल हे ठरवणाऱ्या प्रमाणात, धरला जात नाही. पोटमाळा मात्र बांधकामाचे क्षेत्र मानला जातो आणि त्यासाठी नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. पोटमाळा राहण्यासाठी वापरायचा असेल, तर त्याचे क्षेत्र किमान ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट, असावे, असे राष्ट्रीय संहिता सांगते. दहा बाय बाराच्या एकुलत्या खोलीत ही अट पाळायची, तर जवळपास सगळी खोलीच झाकावी लागेल, आणि मग उजेडाचे व जिन्याचे गणित पुन्हा बिघडेल. अशा खोलीत दोन-तीन भिंतींवर माळा फिरवून खालचे सामान वर हलवावे आणि मोकळ्या झालेल्या जागी घडीचा पलंग किंवा भिंतीला मिटणारे टेबल लावावे, हेच मला अधिक योग्य वाटते. उंच छताचे दुकान, जुन्या इमारतीतील कार्यालय किंवा गोदामाचे रूपांतर करून केलेली कामाची जागा येथे मात्र पोटमाळा खऱ्या अर्थाने फायद्याचा ठरतो. असा गाळा विकत किंवा भाड्याने घेताना त्यातील पोटमाळा मंजूर नकाशात दाखवलेला आहे का, हे आधी पाहावे, कारण तो तेथे नसेल तर मालकाने सांगितलेल्या क्षेत्रफळातून ते चौरस फूट वजा करूनच भाव ठरवायला हवा.