फांदीवरून कोण उठतं?

मादागास्करच्या दक्षिणेला बेरेंटी नावाचं राखीव जंगल आहे. नदीकाठाला चिंचेची मोठमोठी झाडं आणि त्यांवर राहणारे पट्टेरी शेपटीचे लेमूर, म्हणजे माकडांचे दूरचे भाऊबंद. एखादा नर हातात चिंच धरून निवांत खात बसलेला असतो. तेवढ्यात एक मादी येते, त्याच्या थोबाडीत देते, चिंच काढून घेते आणि तिथंच बसून खाऊ लागते. नर बारीक चिरका आवाज काढत मागं सरकतो. टोळीतला सगळ्यात वरचढ नर असला तरी यात फरक पडत नाही.

प्राण्यांच्या अभ्यासक अ‍ॅलिसन जॉली यांनी १९६६ साली लेमूर माद्यांच्या या वर्चस्वाबद्दल लिहिलं. पण लेमूर म्हणजे मादागास्करपुरता अपवाद, असं मानून बरीच वर्षं ते बाजूलाच ठेवलं गेलं. माकडांच्या टोळीत नर राज्य करतो आणि माद्या दबून राहतात, हे चित्र तोवर पक्कं झालं होतं.

हे चित्र आलं कुठून? त्याचा एक धागा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सापडतो. १९२५ साली तिथल्या एका कृत्रिम टेकडीवर शंभरच्या आसपास हमाद्रियास जातीचे बबून, म्हणजे दांडगी माकडं, सोडले, जवळजवळ सगळे नर. पुढे तीस माद्या आणून सोडल्या आणि त्यांच्यावरून झालेल्या ओढाताणीत बहुतेक माद्या मेल्या. प्राणिशास्त्रज्ञ सॉली झुकरमन यांनी हे पाहिलं आणि त्यावरून माकडांच्या समाजाविषयी मोठे निष्कर्ष काढले. इथिओपियाच्या खडकाळ मुलखात हाच बबून वेगळा राहतो: एका नराभोवती मोजक्या माद्या, आणि इतर नर सहसा त्या जोडणीत पडत नाहीत. तिथंही नर मादीच्या मानेला चावून तिला जवळ ठेवतो, तेव्हा त्याचा जाच खराच आहे. पण टेकडीवरचा संहार जंगलाचा नव्हता, कोंडवाड्याचा होता.

नंतर रानात जाऊन अभ्यास सुरू झाले ते मुख्यतः सव्हानातल्या बबूनांचे आणि चिंपांझींचे. दोन्हीत नर मोठा, सुळे लांब, आणि तो मादीवर सरळसरळ दादागिरी करतो. नियम त्यांच्यावरून ठरला, बाकीचे अपवाद ठरले.

जुलै २०२५ मध्ये एलिझ ह्यूशार, डीटर लुकास आणि पीटर काप्पेलर या संशोधकांनी माकडं, लेमूर आणि त्यांच्या भाऊबंदांच्या १२१ प्रजातींच्या २५३ टोळीसमूहांवरची निरीक्षणं एकत्र केली. पाहायचं एवढंच होतं की नर आणि मादी समोरासमोर आले की माघार कोण घेतं. जागा सोडणं, खाणं टाकून जाणं, दात विचकून शरण जाणं, हे सगळं हार म्हणून धरलं. जिथं आकडे पुरेसे नेमके होते त्या समूहांपैकी सुमारे १७ टक्क्यांत नर दहापैकी नऊहून जास्त वेळा जिंकत होते. सुमारे १३ टक्क्यांत तेवढ्याच ठामपणे माद्या. उरलेल्या ७० टक्क्यांत पारडं कधी इकडे झुकतं, कधी तिकडे. टोळीतल्या एकूण भांडणांपैकी सरासरी जवळजवळ निम्मी नर-मादीमधली निघाली. नर नराशी आणि मादी मादीशीच भांडते हा समजही मग टिकत नाही.

मला यातली कारणं आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटतात. नर अंगानं बराच मोठा, सुळे मोठे, जमिनीवरचं जगणं, एका नराच्या वाट्याला अनेक माद्या: अशा ठिकाणी नर वरचढ होतो. आकार सारखा असेल, जोडीनं राहत असतील, झाडावरचं जगणं असेल, तर मादीची बाजू वजनदार होते. झाडावर का? कारण तिथं निसटता येतं. बारीक फांदीवर उडी मारून गेलेल्या मादीला धरून ठेवणं कठीण. तिच्या मर्जीशिवाय समागम होत नसेल, तर दांडग्या नरालाही तिची मनधरणी करावी लागते. हिसकावून घेता येत नाही असं काहीतरी हातात असणं, ही मोठी ताकद आहे.

याची उलटी बाजू नामिबियातल्या त्साओबिस इथल्या बबूनांत दिसते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की माद्यांच्या जखमांचं मोठं कारण नरांचे हल्ले होते आणि माजावर आलेल्या माद्यांना त्यांचा जास्त त्रास होता. नर मादीचा पाठलाग करतो, चावतो. पण त्या क्षणी समागम होतोच असं नाही. काही आठवडे उलटतात, बीज सुटण्याचे दिवस येतात, आणि तिला सतत छळणाऱ्या नरालाच तिच्याशी समागमाची संधी जास्त मिळते. दोन घटनांत एवढं अंतर असल्यामुळे छळ आणि त्याचं फळ यांचा संबंध ध्यानात यायला फार उशीर लागला.

भारतातल्या काळ्या तोंडाच्या वानरांची गोष्ट याहून बिकट. धारवाडजवळ १९६२ च्या सुमारास जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी पाहिलं, की बाहेरून आलेला नर जुन्या नराला हाकलतो आणि टोळीतली पिल्लं मारतो. पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते. माद्या गप्प बसत नाहीत. राजस्थानातल्या अबूच्या डोंगरावर संशोधक सारा हर्डी यांना म्हाताऱ्या माद्या पिल्लासाठी नराच्या अंगावर धावून जाताना दिसल्या. गाभण माद्याही नव्या नराशी संग करतात, हेही दिसलं. पिल्लू आपलंच असेल असं नराला वाटलं तर तो त्याला हात लावणार नाही, असं त्यामागचं स्पष्टीकरण हर्डी यांनी मांडलं. नुसत्या बळात मादी हरते, म्हणून तिचा लढा या वाटेनं जातो.

‘निसर्गातच असं असतं’ असं म्हणून माणसांच्या घरातल्या मारहाणीला कुणी बबूनांचा दाखला देऊ लागलं, तर मला राग येतो. शेजारच्याच झाडावर लेमूर मादी बसलेली असते, ती कुणाला दिसत नाही.

काँगोच्या जंगलातले बोनोबो तर चिंपांझींचे सख्खे भाऊबंद. नर मादीपेक्षा मोठाच. तरी सहा टोळ्यांतल्या जवळपास तीस वर्षांच्या १,७८६ नर-मादी भांडणांत १,०९९ वेळा माद्या जिंकल्या. या कामाचं नेतृत्व मार्टिन सुर्बेक यांचं, निष्कर्ष २०२५ मधले. एकटी मादी नराला भारी पडेलच असं नाही. माद्या एकी करतात, आणि त्यांच्या युत्यांपैकी ८५ टक्के नरांविरुद्ध होत्या. आधी कानठळ्या बसवणारा आरडाओरडा ऐकू येतो, मग झाडाझाडांतून जीव घेऊन पळणारा नर दिसतो, त्याच्या मागं माद्या. या माद्या एकमेकींच्या नात्यातल्या सहसा नसतात. वयात येताना प्रत्येक जण आपली टोळी सोडून परक्या टोळीत येते आणि तिथं हे मैत्र जोडते. सहाही टोळ्यांत आकडा सारखा नव्हता. काही टोळ्यांत काही काळ नरही वरचढ होते. जिथं माद्यांची एकी वारंवार होते, तिथं त्यांचं पारडं जड.

नर मात्र जन्मभर आईच्याच टोळीत राहतो. इतर नरांशी झगडताना आई त्याच्या बाजूनं उभी राहते, माजावरच्या मादीजवळ तो असताना बाकीच्यांना दूर हाकलते. आई टोळीत हयात असलेल्या बोनोबो नराला पिल्लं होण्याची शक्यता आई नसलेल्या नराच्या सुमारे तिप्पट असते.