अरब स्थलांतरित स्त्रियांच्या पिढ्यांची कादंबरी

अरब देशांतून निघून परमुलखात, मुख्यतः अमेरिकेत, स्थायिक झालेल्या कुटुंबाची हकीकत आजी, आई आणि मुलगी यांच्या आयुष्यांतून सांगणारा कादंबरीचा प्रकार. युद्धे, सीमा, कायदे यांत येतात, पण ते माजघरातून दिसतात : कुणाचे लग्न घाईने उरकले, कोणते भांडे मागे राहिले, कोणता विषय निघाला की आजी उठून आत जाते.

अरबी वंशावळ बापाकडून चालते. अमक्याचा मुलगा तमका, अशी नावांची साखळी दहा पिढ्या मागे जाते आणि तीत आईला जागा नसते. घरातही थोरला मुलगा झाला की बाई ‘उम्म यूसुफ’ म्हणजे यूसुफची आई होते आणि तिचे स्वतःचे नाव हळूहळू कुणाच्या तोंडी राहत नाही. जहाजांच्या याद्यांत तिची नोंद सापडली तर तीही बहुधा चुकलेल्या स्पेलिंगची. या बायकांचा इतिहास लिहायला कागद अपुरे पडतात. ती उणीव कल्पित कथेने भरून काढली, हेच या प्रकाराचे खरे मोल.

स्थलांतराची पहिली लाट १८८० नंतरची. ऑटोमन अमलाखालील लेबनॉनच्या डोंगराळ भागातून आणि सीरियातून माणसे निघाली; न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्ट्रीटवर त्यांची ‘लिटल सीरिया’ ही वस्ती उभी राहिली. पाठीवर ‘कश्शा’ नावाची पेटी घेऊन सुया, दोरा, लेस, जपमाळा दारोदार विकणे हा त्यांचा पहिला धंदा, आणि त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. खलील जिब्रान मराठी वाचकाला वि. स. खांडेकरांच्या अनुवादांमुळे जवळचा. त्याची आई कामिला १८९५ मध्ये नवऱ्याला मागे ठेवून चार मुलांसह बॉस्टनला आली आणि फेरी करून तिने घर चालवले. ती १९०३ मध्ये वारल्यावर मारियाना या बहिणीच्या शिवणकामावर जिब्रानचे लेखन-चित्रण चालले. त्याच्या नावाभोवती एवढे लिहिले गेले, पण या दोघींच्या वाट्याला त्यातल्या दोन-चार ओळी आल्या.

या परंपरेची आद्य लेखिका अफीफा करम (१८८३–१९२४). लेबनॉनमधल्या अमशीत गावची ही मुलगी कोवळ्या वयात लग्न होऊन लुइझियानात आली. तिची ‘बदीआ व फुआद’ ही अरबी कादंबरी १९०६ मध्ये न्यूयॉर्कला छापली गेली. अरबीतली पहिली कादंबरी म्हणून वर्षानुवर्षे जिचे नाव घेतले गेले, त्या ‘झैनब’च्या कितीतरी आधी. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेचे दार जवळजवळ बंद झाले, मुले इंग्रजी शाळांत गेली, आणि पणतीपर्यंत येता येता ही अरबी पाने वाचणारे घरात उरले नाही.

१९६५ च्या कायद्याने दार पुन्हा उघडले. १९४८ मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले, त्यानंतर १९६७ चे युद्ध, लेबनॉनचे यादवी युद्ध, १९९० मधील कुवेतवरचे आक्रमण. प्रत्येक उलथापालथीनंतर काही कुटुंबे अमेरिकेत पोहोचली. त्यांच्या लेकी-नाती १९९० नंतर इंग्रजीत लिहू लागल्या.

हाला अल्यान यांची ‘सॉल्ट हाउसेस’ (२०१७) हा या प्रकाराचा उत्तम नमुना. पॅलेस्टाइनमधले नाब्लुस, १९६३. लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सलमा तिचा कॉफीचा पेला पालथा घालून गाळात भविष्य पाहते. तिला दिसते ते अस्थिर, घरे सुटत जाणारे आयुष्य, आणि ती ते लेकीला सांगत नाही. याफाचे घर आधीच सुटलेले असते; पुढे नाब्लुस, कुवेत अशी घरे एकेक सुटत जातात. सांगितलेल्या गोष्टीइतकीच दडवलेली गोष्टही वारशाने येते, हे या एका प्रसंगात जितके दिसते तितके मला दुसरीकडे क्वचितच दिसले. इताफ रम यांच्या ‘अ वुमन इज नो मॅन’ (२०१९) मध्ये ब्रुकलिनमधली अठरा वर्षांची देया आजीने सांगितलेला आईवडिलांच्या मृत्यूचा वृत्तान्त पारखू लागते. इथली आजी फरीदा कठोर आहे, पण निर्वासित छावणीतले तिचे बालपण कळल्यावर तिला नुसते दुष्ट म्हणवत नाही. आलिया युनिस यांच्या ‘द नाइट काउंटर’ (२००९) मध्ये लॉस एंजलिसमधल्या ८५ वर्षांच्या फातिमाकडे रात्री साक्षात शहराझाद, ‘अरेबियन नाइट्स’मधली रोज रात्री गोष्ट सांगणारी राणी, येते. मात्र इथे गोष्ट सांगायची असते फातिमाने.

ललित नसले तरी एव्हलिन शाकिर यांचे ‘बिंत अरब’ (१९९७) यांच्या शेजारी ठेवून वाचावे. आई-आजींच्या पिढ्यांच्या तोंडच्या हकीकती त्यात आहेत.

या लेखिकांची कोंडी दुहेरी असते. घरातला मार, लादलेली लग्ने, मुलीच मुली झाल्याचे टोमणे लिहिले, तर समाज म्हणतो घरचे उणे वेशीवर टांगले. शिवाय ‘पिचलेली अरब बाई’ ही पाश्चात्त्य वाचकाची ठरीव समजूत त्यातून आणखी पक्की होण्याची भीती. न लिहावे, तर उम्म यूसुफचे नाव पुन्हा हरवते. चांगल्या कादंबऱ्या ही कोंडी पात्रांच्या तोंडीच घालतात : नात विचारते, आणि आजी म्हणते, आधी जेवून घे.